आधी कागद, मग घर: घर शोधणाऱ्या कुटुंबाला मदत करताना

घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका, यांच्यापैकी कुणी ना कुणी कधीतरी म्हणतंच, ‘आमच्या घराचं जरा बघा ना.’ आपण मोबाइल काढतो, म्हाडाची जाहिरात दाखवतो, ‘फॉर्म भरून टाका’ म्हणतो आणि मदत झाली असं समजतो. जाहिरात त्यांनीही पाहिलेली असते हो. त्यांना शेजारी बसून कागद लावून देणारं माणूस हवं असतं.

मी डोंबिवलीत राहते. नोकरीची सगळी वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सोडतीत नाव लागणं नशिबाच्या हातात. लागलेलं घर खरोखर ताब्यात येतं की नाही, हे मात्र कागद आणि हिशेब यांवर ठरतं, आणि ते दोन्ही जाहिरात येण्याच्या आधी करून ठेवावे लागतात. तुम्हाला कुणाला मदत करायची असेल तर सुरुवात इथून करा.

पहिल्या भेटीत फक्त हिशेब

नवरा-बायको दोघांना एकत्र बोलवा. एकाला विचारलेला आकडा आणि दुसऱ्याला विचारलेला आकडा यांत नेहमी फरक पडतो. महिन्याला येतात किती, भाडं किती, आणि हप्ते किती जातात ते लिहून काढा. हप्त्यांत बचत गट, भिशी, मायक्रोफायनान्सवाल्यांचे आठवड्याचे पैसे, मोबाइलचा ईएमआय, सगळं आलं. ‘कर्ज नाही’ असं सांगणाऱ्या घरातही दोन-तीन छोटे हप्ते निघतात, कारण बँकेचं नसेल तर त्यांच्या लेखी ते कर्जच नसतं. बँक मात्र सिबिलमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, मायक्रोफायनान्सचे आणि मोबाइलचे हप्तेही बघते.

मग हप्ता काढा. १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे १३,५०० रुपये बसतात. तेच कर्ज खासगी फायनान्स कंपनीकडून १३ टक्क्यांनी घेतलं, तर १७,५७४. म्हणजे दर महिन्याला चार हजार जास्त, आणि वीस वर्षांत पावणेदहा लाखांहून जास्त. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. ‘दोन दिवसांत लोन पास’ म्हणणाऱ्या एजंटला एवढं एकच उत्तर पुरतं.

उदाहरण घेऊ. ताईंची चार घरची कामं आणि नवऱ्याचं रंगकाम मिळून घरात महिन्याला २८,००० येतात. साडेसहा हजार भाडं आहे. ओढूनताणून दहा हजारांचा हप्ता जमेल. त्यात ९ टक्क्यांनी साधारण ११ लाख कर्ज बसतं. घर २० लाखांचं आहे, अडीच लाखांचं अनुदान मिळालं असं धरलं, तरी साडेसहा लाख स्वतःचे उभे करायला हवेत. ते कुठून येणार? पीएफ आहे का, सोनं आहे का, गावच्या जमिनीतला हिस्सा आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर तोंडावर सांगा, प्रेमाने सांगा, पण त्याच दिवशी सांगा. खोट्या आशेवर अनामत भरायला सावकाराचे पैसे काढलेली घरं मी पाहिली आहेत. अशा कुटुंबाला आधी छोटे हप्ते फेडायला लावा, आवर्ती ठेव सुरू करून द्या आणि भाड्याचं घर सुरक्षित करा. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

याच बैठकीत आणखी एक विचारा: कामं कुठे आहेत? स्वस्त घर बहुतेक वेळा लांब असतं. विरार-बोळिंजला म्हाडाचं घर घ्यावं म्हटलं, तर डोंबिवलीत धुणीभांडी करणाऱ्या बाईने सकाळी साडेसातला कामावर पोचायचं कसं? वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. घर मिळालं आणि चार घरची कामं सुटली, तर हप्ता कोण भरणार? त्यामुळे रेल्वेचा पास, शेअर रिक्षा, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं हप्त्याच्या खाली लिहून मगच बेरीज करा.

पिशवीतले कागद

जाहिरात आली की पंधरा दिवस-महिनाभराची मुदत असते आणि तहसील कार्यालयात दाखल्यांसाठी गर्दी उसळते. म्हणून दाखले आधीच काढायचे. म्हाडाच्या संगणकीय प्रणालीत २०२३ पासून नोंदणी वर्षभर करता येते. आधार, पॅन, अधिवास म्हणजे डोमिसाइल आणि उत्पन्नाचा पुरावा एकदा चढवून तपासून ठेवले, की सोडत जाहीर झाल्यावर फक्त घर निवडून अनामत भरायची राहते. लोकांना हेच माहीत नसतं.

डोमिसाइल २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं लागतं. लॅमिनेशन करून वीस वर्षं जपलेला जुना दाखला चालत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि भाड्याने घरं बदलत फिरलेल्या कुटुंबाकडे नेमका तोच नसतो. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, बँकेचं जुनं पासबुक, रेशनकार्ड, जे मिळेल ते वर्षांच्या क्रमाने लावा. मधली कुठली वर्षं रिकामी आहेत ते लगेच दिसतं. दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, ते साध्या कागदावर चालतं. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर नम्रपणे तसं सांगा. पाचशे रुपये म्हणजे यांच्यासाठी एका दिवसाची कमाई आहे.

उत्पन्न नवरा आणि बायको दोघांचं मिळून धरतात. प्राप्तिकर विवरण भरत नसतील तर तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि सोडतीत ज्या आर्थिक वर्षाचा मागितला असेल त्याच वर्षाचा. मुंबई महानगर, पुणे महानगर, नागपूर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट. उरलेल्या महाराष्ट्रात अत्यल्प ४.५ लाखांपर्यंत आणि अल्प ७.५ लाखांपर्यंत. उत्पन्न मुद्दाम कमी दाखवायचा मोह होतो. तो टाळायला सांगा, कारण कर्ज देताना बँक उलटं विचारते, ‘एवढ्या उत्पन्नात हप्ता भरणार कसा?’

नावांचा घोळ सगळ्यात जास्त बायकांच्या कागदांत असतो. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. जाहिरात नसेल तेव्हा हे सरळ करून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि तो शक्यतो बाईच्याच हातातला. बँक खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरचं हवं. नाव लागलं नाही तर अनामत त्याच खात्यात परत येते. मागासवर्गीय आरक्षणातून अर्ज असेल, तर जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही पाहून ठेवा. अनुसूचित जातींना ११ आणि अनुसूचित जमातींना ६ टक्के घरं राखीव असतात. आरक्षणात घर लागलं आणि वैधता नाही म्हणून अडलं, तर जीव हळहळतो.

नवऱ्याने टाकलेल्या बायकांची अडचण वेगळीच. अर्जात पतीचं आधार आणि पॅन मागतात. तो दहा वर्षं बेपत्ता असला तरी कागदोपत्री लग्न चालूच असतं, आणि घटस्फोटित म्हणून अर्ज करायचा तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. अशा बाईला पुढच्या सोडतीची वाट पाहायला लावू नका, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. हे न्यायालयाच्या आवारातच असतं, पण एकटी बाई त्या आवारात पाऊल टाकायला बिचकते. सोबत जाणं हीच मदत.

आणि वाचकहो, एक गोष्ट तुमच्या हातातली आहे. घरकामाचा पगार तुम्ही रोख देता ना? पुढच्या महिन्यापासून ताईंच्या खात्यात टाका. वर्षभर दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा झालेली दिसली, सोबत ‘या अमुक वर्षांपासून आमच्याकडे काम करतात’ असं तुमच्या सहीचं पत्र असलं, की कर्ज विभागातल्या माणसाला फाइल पुढे सरकवायला आधार मिळतो. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून सांगते. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाचं पासबुक हीच त्याची स्लिप.

कुठे कुठे शोधायचं

म्हाडाची सोडत सगळ्यांना माहीत असते, तिची स्पर्धाही तशीच. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरं होती आणि २०२४ मध्ये २,०३०. दोन्ही वेळा अर्ज एक लाखावर गेले. पण म्हाडा म्हणजे फक्त मुंबई नव्हे. कोकण मंडळ ठाणे, कल्याण, विरार बघतं. पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर यांची मंडळं वेगळी आहेत. कल्याणजवळ शिरढोण आणि खोणीला कोकण मंडळाचे प्रधानमंत्री आवास योजनेचे प्रकल्प आहेत. जी घरं सोडतीत विकली जात नाहीत, ती पुढे ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ तत्त्वावर निघतात. विरार-बोळिंजची हजारो घरं अशीच पडून होती. जागेवर जाऊन पाणी, रस्ता, शाळा बघून मगच अर्ज करा, पण हा मार्ग विसरू नका. इथे नशिबाचा भाग नसतो.

माझ्या मते सगळ्यात चांगली घरं २० टक्के सर्वसमावेशक योजनेतली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या बिल्डरला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी द्यावी लागतात, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. ती शहरात असतात, कामाच्या जवळ असतात. फक्त मेंटेनन्स किती पडेल ते आधी विचारून घ्या. नवी मुंबईच्या बाजूला सिडकोच्या योजना निघतात. तिथे किमती आणि गट दोन्ही नीट वाचा, ‘अत्यल्प गट’ या शब्दावर भुलू नका.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. प्रकल्पातल्या परवडणाऱ्या घराला अडीच लाखांपर्यंत मदत मिळते, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. ती किमतीतून आधीच वजा झाली आहे की व्हायची आहे, हे त्या प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत बघा. बाजारातलं घर कर्जाने घेणाऱ्यांसाठी व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. इथे उत्पन्नाची मर्यादा वेगळी आहे: अत्यल्प ३ लाख, अल्प ६ लाख, मध्यम ९ लाख.

या योजनेत अडतं ते गावच्या घरावर. कुटुंबाचं पक्कं घर देशात कुठेही असलं, किंवा गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असला, तर अर्ज बाद होतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. त्यामुळे सासऱ्याच्या नावावरचं घरकुल आड येत नाही, नवऱ्याच्या नावावरचं येतं. म्हाडाची जी घरं या योजनेत नाहीत, तिथे फक्त त्या भागात स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा लहान मुलांच्या नावावर घर नको अशी अट असते. त्यामुळे ‘गावाला घर आहे, आम्हाला काही मिळणार नाही’ असं म्हणून मागे फिरणाऱ्यांना थांबवा आणि योजनेचं नाव विचारा.

अनामतीचा अंदाज द्यायचा तर, मुंबईच्या २०२३ च्या सोडतीत अत्यल्प गटाला २५,००० आणि अल्प गटाला ५०,००० होती, वर अर्जाचे ५०० आणि जीएसटी. हे पैसे फक्त अधिकृत संकेतस्थळावरच भरायचे. म्हाडा एजंट नेमत नाही. ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणारा माणूस चोर आहे, मग तो तुमच्या वॉर्डातला कितीही मोठा माणूस असो.

नाव लागलं, की आनंदाच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागा. सूचनापत्र येतं, ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन स्वीकृती द्यावी लागते, मग देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, आधी २५ टक्के आणि पुढे ७५ टक्के रक्कम. प्रत्येक पत्रावरची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून भिंतीवर लावा. बँकेत देकारपत्राच्या आधीच जाऊन बोलून ठेवा, आणि निदान दोन राष्ट्रीयीकृत बँकांत. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायला सांगा. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पैशांपेक्षाही मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. उद्या संसारात काही बिनसलं, तर तिला कुणी रस्त्यावर काढू शकणार नाही.

अर्ध्या किमतीतला फ्लॅट

इथे मी कडक बोलते. आमच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या, की पालिकेच्या परवानग्याच बनावट होत्या आणि त्या बनावट कागदांवर रेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणीही मिळवलेली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. तिथे राहणारी माणसं चोर नव्हती हो. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी घर घेतलं होतं.

म्हणून रेराचा नंबर पाहून थांबू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन थेट पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि त्यांच्या दप्तरात तो आहे का विचारा. तयार घर असेल तर भोगवटा दाखला, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेने दिलेली परवानगी, मागा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, बघा, आधी कुणाला विकलंय ते कळतं. आणि माझी बँकेतली कसोटी: राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीत कर्ज देते का? ‘इथे बँकलोन होत नाही, पण आमचा फायनान्सवाला करून देतो’ असं बिल्डरच म्हणाला, तर चप्पल घालून निघून या. नोटरी केलेल्या कागदावर खोली विकत घेणं म्हणजे मालकी नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर विक्रीबंदीच्या काळात कुलमुखत्यारपत्रावर घेणंही तसंच. स्वतःची झोपडी योजनेत असेल, तर परिशिष्ट-२ मध्ये नाव पात्र यादीत आहे का ते पालिकेत किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणात तपासा. नाव अपात्र असेल तर अपिलाची मुदत जायच्या आत हालचाल करा.

भाड्याचं घर, पण कागदावर

बहुतेकांसाठी पुढची काही वर्षं तरी उत्तर हेच असतं, आणि नेमकं इथेच कुणी मदत करत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने केली नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. घरमालकाला हे शांतपणे सांगितलं की बरेचजण तयार होतात.

खर्चाची भीती आकड्यांनी घालवा. सात हजार भाडं, अकरा महिने, तीस हजार डिपॉझिट. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. पालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर दस्त हाताळणीचे थोडे. आधार आणि बोटांच्या ठशांवर हे घरबसल्या होतं. एजंटने चार-पाच हजार सांगितले, तर उरलेले त्याचे आहेत हे कुटुंबाला समजू द्या.

डिपॉझिट रोख देऊ नका, यूपीआयने किंवा धनादेशाने द्या. ‘हेवी डिपॉझिट’चा सौदा, म्हणजे तीन-चार लाख एकरकमी आणि भाडं शून्य, नोंदणीशिवाय कधीच करू देऊ नका. मालकाने घर विकलं किंवा बँकेने जप्त केलं, तर ते लाख कुठे शोधणार? वीज मीटरचं युनिटमागे किती घेणार हेही करारात लिहून घ्या, कारण बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. घरात शिरताना नळ, भिंती, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅप करा.

नोंदणीकृत कराराचे आणखी फायदे आहेत. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, मुलाचा शाळाप्रवेश भाड्याच्या पत्त्यावर हवा असेल तर तोच मागतात. गॅसला आणि बँकेला तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. करार संपायच्या महिनाभर आधी नव्याची तयारी करा, आणि जुने करार फेकू नका, फाइलला लावून ठेवा. पुढे डोमिसाइलसाठी १५ वर्षांचा राहण्याचा पुरावा जोडायची वेळ येते, तेव्हा मधल्या रिकाम्या वर्षांत हेच करार बसतात.